न दिलेला निरोप

गुरुवार, १० जुलै

ही वही मिस डोहर्टीची. ऑस्ट्रेलियातून शाळेची मुलं घेऊन ती तीन आठवड्यांसाठी आमच्या बेटावर आलीय. मुलांना वाटून एक उरली, ती तिने माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "तुम्हीही लिहा, विलिमाइना. हे शेवटचे चार दिवस कुणी कामाला हात लावायचा नाही. नुसती विश्रांती, आणि इथे काय काय झालं याचा शांतपणे विचार." पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या लाल शाईने रंगवल्या. आता स्वतःची भरायची, आणि ती तपासायला कुणी नाही. चांगलं आहे.

माझी नणंद उनाइसी, तिला हे विश्रांतीचं प्रकरण ऐकल्यापासून हसू आवरत नाही. "कशापासून विश्रांती गं वहिनी? तीन आठवड्यांत पोरांनी अळूचे दोन वाफे लावले, त्यातला एक मी उपटून परत लावला. विश्रांती द्यायची तर मला द्या." मुलं सभाघराच्या ओट्यावर गुडघ्यांवर वह्या ठेवून बसली आहेत. समुद्राकडे बघतात, दोन शब्द लिहितात, पुन्हा बघतात. चौदा जणं आहेत आणि चौदाही जणांची नाकं उन्हाने सोललेली आहेत.

माझ्या घरी ब्रॉनी आहे. सतरा वर्षांची, अंगाने काडी, पण कसावा सोलायला आता माझ्या बरोबरीने बसते. मला 'बू' म्हणते, म्हणजे आजी. हे तिला अरिएताने शिकवून पाठवलंय. अरिएता माझी मुलगी. सहा वर्षं झाली, ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम करते. ब्रॉनीची आजी शेवटपर्यंत तिथेच होती, अरिएताच्या देखभालीत. म्हणून ही पोरगी शाळेच्या बाईंकडे हट्ट करून माझ्याच घरी आली. मी आधी नको म्हणाले होते. हिच्याबरोबर काहीतरी येणार हे मला कळत होतं.

आलंच. पहिल्या दिवशी चहा व्हायच्या आत तिने बॅगेतून पाकीट काढलं. "बू, अरिएताने फोटो दिलाय. तिच्या मुलीचा."

मी हात मागे घेतले. अरिएताची मुलगी तीन वर्षांची झाली आणि मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. आमच्यात लेकीचं मूल पहिल्यांदा आजोळी येतं ते रीतीने येतं. बापाकडची माणसं देवमाशाचा दात आणि चटया घेऊन येतात, दात पुढे ठेवतात, मुलाला मध्ये बसवतात, आणि मग आजोळ म्हणतं की आलास, बरं झालं. याला आम्ही चेहरा आणणं म्हणतो. हल्ली बाकीच्या बायका फोनवर रोज नातवंडं बघतात आणि सवडीने रीत करतात. बघू देत. मी मात्र सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय की विलिमाइनाच्या घरात चेहरा पुढच्या दाराने येईल, पाकिटातून येणार नाही. पोरीचं नावसुद्धा कुणी मला सांगायचं नाही असं बजावलंय.

ब्रॉनीने पाकीट ठेवून दिलं. नंतर सभाघरात यजमानांची नावं पुकारत होते. माझं नाव आलं तशी ती एकदम हसून म्हणाली, "अरे, तुमचंपण हेच—" आणि जीभ चावली. माझ्या नावात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

शुक्रवार, ११ जुलै

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसले.

दुपारी जेवणं उरकली. दक्षिणेचा गार वारा होता म्हणून दार लोटून आम्ही दोघी चटईवर आडव्या झालो होतो. ब्रॉनी उठली, बॅग उचकटली आणि कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे ठेवली. मी कापडावरूनच ओळखलं. आमची फणी. वेसी नावाच्या झाडाच्या लाकडाची, लांब दातांची. माझ्या वडिलांनी माझ्या आईसाठी कोरलेली, आईने मला दिली, मी अरिएताला. अरिएताचे केस म्हणजे गावाचं कौतुक होतं. उभे, दाट, डोक्याभोवती असे पसरलेले की चर्चमध्ये तिच्या मागे बसणारा कुरकुर करायचा. लहानपणी मी तासतास तेल लावून विंचरायचे आणि ती रडायची.

"हे का परत पाठवलं?"

"ती म्हणाली, तिला आता लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? केस कापले तिने?"

ब्रॉनीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मग मी बोलले. चांगलं दहा मिनिटं बोलले. मडमिणींत राहून मडमीण झाली, आईबापाने दिलेले केस जड झाले, आता आजीची फणी परत पाठवते, उद्या नाव परत पाठवेल. ब्रॉनी गुडघ्यात डोकं घालून बसली. खांदे हलायला लागले तेव्हा मी थांबले. परक्याच्या पोरीला तीन दिवसांनी घरी जायचंय, घरची आठवण येत असणार, आणि मी तिच्यावर डाफरतेय. तिला नारळाचं दूध घालून गोड भाकरी दिली. तिने ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

संध्याकाळी अरिएताचा फोन आला. महिन्याने. फणीवरून मी काही बोलले नाही, आवाजावरून तिला कळलं असेल. "पोचली का गं फणी?" म्हणाली. मी म्हटलं, पोचली. धापा टाकत बोलत होती. म्हटलं, पळत आलीस का? "जिना चढले, आई." मागच्या वेळीही जिनाच चढली होती. विचारलं, कामावर आहेस का? म्हणाली, दोन महिने सुट्टी घेतलीय. दोन महिने! मी पस्तीस वर्षांत बाळंतपण सोडून दोन आठवडे घेतली नाही. माणसाला आराम मिळाला की असंच होतं, अंग जड होतं आणि जिना चढवत नाही.

तेही मी तिला ऐकवलं. ती हसली फक्त. "बरोबर आहे तुझं," म्हणाली. आधी कधी माझं बरोबर नसायचं.

शनिवार, १२ जुलै

उनाइसीशी भांडण झालं. तिने फोटो पाहिलाय. ब्रॉनीने नाही दाखवला, हिनेच तिच्या मागे लागून बघितला. आली आणि माझ्या चुलीपाशी नुसती बसून राहिली. इकडचं तिकडे नाही, थट्टा नाही, कुणाच्या सुनेची निंदा नाही. मी म्हटलं, "काय गं, दात दुखतो का?"

"वहिनी, एकदा बघ तो फोटो."

"रीत झाल्यावर."

"रीत गेली खड्ड्यात. मी तुझ्या पाया पडते. एकदा बघ."

उनाइसी पाया पडण्यातली नाही. मला वाटलं पोरीत काही व्यंग असेल, आणि हिला माझी कीव आलीय. मी म्हटलं, ऊठ आणि तुझ्या घरी जा. ती गेली. जाताना दाराशी म्हणाली, "मी बोलून बसेन म्हणून जाते. पोरीने मला शपथ घातलीय."

वही तपासायला कुणी नाही, तर खरं लिहिते. अरिएता येत नाही असं मी गावाला सांगते. खरं असं की मीच तिला येऊ नको म्हटलं. पोरीचा बाप तिकडे फळं भरायच्या शेडमध्ये होता, दुसऱ्या बेटावरचा. मूल व्हायच्या आधीच त्याच्या घरी निघून गेला, आणि त्याच्या घरी बायको होती. अरिएताने फोनवर विचारलं होतं, "आई, बापाकडचं कुणी नाही. मी एकटीच तिला घेऊन आले तर चालेल?" मी म्हटलं, "कुणाच्या हाताने दात देशील? कुणाचा चेहरा म्हणून बसवशील? तसली येणार असशील तर येऊ नकोस." तेव्हा माझ्या नवऱ्याला, जोसेवाताला, जाऊन वर्ष झालं होतं. तो असता तर त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला असता.

तिने परत विचारलं नाही. मी वाट पाहत होते की ती परत विचारेल.

दुपारी मिस डोहर्टीने मुलांना गोल बसवलं. प्रत्येकाने सांगायचं की इथून काय घेऊन जाणार. कुणी म्हणालं गाणी, कुणी म्हणालं शांतता. डास पळवायला नारळाची सोडणं जाळून दोनदा धूर केलेला एक मोठा मुलगा म्हणाला डास चावल्याच्या खुणा, सगळे हसले. ब्रॉनीची पाळी आली तर ती उठून चालती झाली. नंतर मिस डोहर्टी माझ्याकडे आली. "ती तुमच्याशी काही बोलते का? कुणाला तरी शब्द दिलाय म्हणते, पण काय ते सांगत नाही." मी म्हटलं, सतराव्या वर्षी सगळ्यांनीच कुणाला तरी शब्द दिलेला असतो.

रविवार, १३ जुलै

चर्चमधून आल्यावर जमिनीतल्या भट्टीतलं काढलं. मासे, अळूचे कंद, पाल्यात बांधलेलं सगळं. रविवारचं काम नको म्हणून रात्रीच पुरून ठेवलं होतं. ब्रॉनीने आज पोटभर खाल्लं, मला बरं वाटलं. मग पानं आवरता आवरता तिने विचारलं.

"बू, चेहरा आणायला बापाकडचीच माणसं लागतात का? दुसऱ्या कुणी आणला तर?"

"दुसरं कोण?"

"मी."

मला हसू आलं. मी म्हटलं, बाळा, तू आमची पाहुणी. आणि कागदाचा चेहरा चालत नाही. मूल स्वतः लागतं, श्वास घेणारं, रडणारं. कधीकधी ते आजोबांच्या मांडीवर मुततं, तेही रीतीतच धरतात.

"आणि आई? आईने बरोबर यावं लागतं?"

"म्हणजे काय! आईशिवाय मूल येईल कसं?"

"आईला येता येत नसेल तर?"

"येता येत नाही असं काही नसतं. यायचं नसतं. खरी आमची असेल तर अंथरुणाला खिळलेली असली तरी चार माणसांच्या खांद्यावर येईल."

मी हे चांगलं खणखणीत आवाजात बोलले, वर्गात बोलायचे तसं. ब्रॉनीने हातातली पानं खाली ठेवली आणि किनाऱ्यावर निघून गेली. ओहोटी होती. ती पार खडकांपर्यंत गेली आणि पाण्यात पाय सोडून बसली. मी दारातून बघत होते. पोरीचं काय बिनसलंय? उद्या घरी जायचंय, आई आहे, बाप आहे, घोडा आहे म्हणे. आमच्या अरिएताला या वयात एक चांगला स्कर्ट नव्हता.

जावं तिच्यापाशी असं वाटलं. पण भांडी पडली होती.

सोमवार, १४ जुलै

अक्षर माझं मलाच ओळखू येत नाही.

सकाळी सभाघरात निरोपाचा विधी होता. पाहुणा उठला आणि चालता झाला असं आमच्यात नसतं. तो यांगोनाची मुळं, ज्यांचं आम्ही पेय करतो ती, पुढे ठेवतो आणि निरोप मागतो, गाव निरोप देतं, मग त्याचं पाऊल उचलतं. गावातर्फे बोलायला माझे थोरले दीर तोमासी बसले होते. मिस डोहर्टीने मुळांची जुडी ठेवली. मग एकेक मूल पुढे येऊन आमच्या भाषेत घोकलेलं एक वाक्य म्हणे, "मी निघतो, मला वाट द्या." तोमासी म्हणत, "वाट मोकळी आहे." मग टाळी. दहाजणांचं झालं. धुरवाला मुलगा वाक्य विसरला तर बायकांनी मागून सांगितलं, हशा झाला.

ब्रॉनी आली. गुडघे टेकले. तिचं वाक्य लांब होतं.

"मी निघते, मला वाट द्या. अरिएताही निघते आहे. तिलाही वाट द्या."

टाळीसाठी वर गेलेले तोमासींचे हात तसेच राहिले.

मला आधी काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला बरं वाटलं. सहा वर्षांपूर्वी हवा बिघडणार म्हणून जहाज एक दिवस आधी सुटलं, अरिएता पहाटे होडीत बसून गेली, निरोप मागायचा राहिला. नाताळला येशील तेव्हा माग, म्हटलं होतं मी. आता पोरीला अक्कल आली, चुकलेलं दुरुस्त करतेय, असं वाटलं. मी पाठ ताठ करून बसले, सगळ्यांनी बघावं म्हणून.

मग उनाइसी दिसली. तिने पदरासारखं खांद्यावरचं फडकं तोंडात कोंबलं होतं. आणि तोमासी ब्रॉनीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

जो हजर नाही त्याच्यासाठी कुणी निरोप मागितलेला मी आयुष्यात एकदाच ऐकलाय. सासूबाई राजधानीत, सुवाच्या दवाखान्यात होत्या, त्यांच्या भावाने होडीने येऊन याच सभाघरात त्यांच्यासाठी मागितला होता. गावाने दिला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

फणी. जिना. दोन महिन्यांची सुट्टी. बरोबर आहे तुझं, आई. दुसरीतल्या पोराने सोडवावं असं गणित, आणि ते तीन दिवस माझ्यापुढे पडलं होतं.

सभाघरात बाई मधे बोलत नाही. मी बोलले. "नाही. भाऊजी, देऊ नका."

तोमासींनी हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "ब्रॉनी, तुला वाट मोकळी आहे." दुसऱ्या नावाबद्दल ते काही बोलले नाहीत. टाळी वाजली, पण ओली, पावसात वाजवल्यासारखी.

किनाऱ्यावर होड्या तयार होत्या. ब्रॉनी माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती. "मी शब्द दिला होता, बू. ती म्हणाली, आईला कळलं तर ती कीव येऊन फोटो बघेल. तसं नको. काही न कळता तिला एकदा बघू दे. बघितला की मग सांग. आणि नाहीच बघितला, तर शेवटच्या दिवशी माझ्यासाठी निरोप माग, बाकी काही बोलू नको."

एकवीस दिवस ते पाकीट माझ्या घरात होतं. मी ज्या चटईवर झोपत होते तिच्यापासून चार हातांवर.

"दे," मी म्हटलं.

अरिएता खुर्चीत बसली आहे. डोक्यावर रुमाल होता तो घसरलाय. डोकं उघडं, अगदी उघडं, जन्मली तेव्हासुद्धा इतकं नव्हतं. गालांची हाडं वर आली आहेत. मांडीवर पोरगी आहे. जो चेहरा बघणार नाही म्हणून तीन वर्षं हटून बसले तो मी नंतर पाहिला. आधी ते डोकं पाहिलं. पोरीचं नाक जोसेवाताचं आहे. केस अरिएताचे, उभे, आणि त्यांत गुंता. फोटोच्या मागे अरिएताच्या अक्षरात लिहिलंय, 'विलिमाइना, वय तीन.'

माझंच नाव. मला विचारल्याशिवाय तिने माझं नाव ठेवलं. मी ते कुणाला उच्चारू दिलं नाही.

होडी सुटेपर्यंत मी पाण्यात उभी होते. ब्रॉनी मागे वळून हात हलवत राहिली. सगळी मुलं गात होती आणि रडत होती. दरवर्षी रडतात. मी दरवर्षी म्हणते, दोन दिवसांत विसरतील.

बुधवार, १६ जुलै

दोन दिवस फोन लागत नव्हता. आज टेकडीवर जाऊन लावला.

"आई, रागावलीस?"

मी म्हटलं, नाही. तिच्या मागे पोरीचा आवाज येत होता, कशाला तरी नको नको म्हणत होती.

"तोमासीबाबांनी मला वाट दिली का?"

"नाही दिली. मी देऊ दिली नाही."

"का गं?"

"मी तिथे येईन, मग बघू. मी आल्याशिवाय मिळणार नाही."

ती हसली, हसताना खोकली. "लवकर ये मग. उशीर केलास तर मी न विचारताच जाईन. मला सवय आहे ती."

माझ्यासारखीच बोलते. असं बोलायला मीच शिकवलं.

डॉक्टर काय म्हणतात ते तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईने सांगितलं. सप्टेंबरचा शेवट, फार तर.

संध्याकाळी घराण्यातले सगळे तोमासींच्या घरी जमले. मी म्हटलं, चेहरा इथे येऊ शकत नाही, मी चेहऱ्याकडे जाते. आजोळाने दात घेऊन मुलाकडे जायचं, असं कधी झालेलं नाही. तोमासींनी आत जाऊन घराण्याचा दात आणला, पिवळा पडलेला, जाड दोरी ओवलेला, आणि माझ्या हातात दिला. "उलटं आहे हे," म्हणाले. "करू." निरोपाचं उत्तर फोनवर द्यायचं नाही, तेही मीच घेऊन जायचं ठरलं. वेळ आली की मी म्हणायचं, वाट मोकळी आहे.

निघताना म्हणाले, "येताना दोघी या."

मी म्हटलं, "तिघी."

उनाइसी माझ्या हाताला धरून घरापर्यंत आली. वाटेत म्हणाली, "वहिनी, मला तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. शपथेचं काय मोठं." मी म्हटलं, तू ओरडली असतीस तरी मी कानात बोटं घातली असती.

बुधवार, ६ ऑगस्ट, सुवा

तीन आठवडे कागदांत गेले. जन्माचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा, पेन्शनचा, दवाखान्याचं पत्र. ब्रॉनीच्या आईने तिकडून पत्र पाठवलं, मी त्यांच्या घरी राहू शकते म्हणून. ब्रॉनी रोज शाळेतून अरिएताच्या खोलीवर जाते, पोरीला खेळवते, मला निरोप धाडते. काल लिहिलं होतं की अरिएता आता उठून बसत नाही, पण बू कधी येणार ते विचारते.

दात बरोबर नेता येणार नाही. देवमाशाच्या दाताला देश सोडायला वेगळी परवानगी लागते, इकडची वेगळी, तिकडची वेगळी, आणि त्याला महिना-दीड महिना. खिडकीमागच्या मुलीने हे सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं नाही की काही करता येईल का. दात पुतण्याच्या हाती तोमासींकडे परत पाठवला. ज्या दातासाठी लेकीला येऊ नको म्हटलं, तो मागे ठेवून मी रिकाम्या हाताने चाललेय. पिशवीत फणी आहे फक्त. पोरीच्या केसांतला गुंता कुणीतरी काढायला हवा.

मग व्हिसाचा अर्ज भरायला बसले. भेटीचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, 'चेहरा बघायला.' मुलीने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, 'कुटुंबाची भेट' लिहा." मी खोडून लिहिलं. पस्तीस वर्षांत माझ्या हातून झालेली ती पहिली खाडाखोड असेल.

पुढच्या ओळीत होतं, किती दिवस राहणार.

मी पेन धरून बसले. सप्टेंबरचा शेवट म्हणजे पन्नास-बावन्न दिवस. तेवढे लिहिले तर मी इथेच, या टेबलावर, तिला वाट मोकळी करून दिली असं होईल. मागे रांग वाढली होती. मुलगी म्हणाली, "मावशी, अंदाजे लिहिलं तरी चालतं."

"जास्तीत जास्त किती चालतात?"

"नव्वद."

मी नव्वद लिहिले, आणि खाली सही केली, विलिमाइना.